‘काय खाता?’: एका प्रश्नाची दोन खोटी उत्तरं

(बेंगळुरूतल्या मराठी विद्यार्थी-संशोधकांच्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



सुरुवातीलाच एक सूचना. माझ्यासमोर टेबलावर ही साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली आहे. बोलता बोलता मला घाम फुटला, हात थरथरायला लागले किंवा मी काहीतरी असंबद्ध बोलायला लागले, तर ‘ताई भावूक झाल्या’ असं समजून टाळ्या वाजवू नका. तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून मला प्यायला द्या. मला तीन वर्षांपासून मधुमेह आहे, टाईप-२. मी ज्या गोळ्या घेते त्यातल्या एका गोळीने, वेळेवर जेवले नाही तर, रक्तातली साखर एकदम खाली जाते. म्हणजे जी साखर मला वर्ज्य, तीच मला पर्समध्ये औषध म्हणून बाळगावी लागते.

आपल्या अभ्यासवर्गात आजवर आरक्षण, फेलोशिप, भूमिहीनता, शिक्षण अशा विषयांवर बोलणं झालं. ‘शुगर’ हा विषय इथे का, असं काहींना वाटेल. आमच्या मार्गदर्शकांनाही तसं वाटलं होतं. पण गेली तीन वर्षं जातीशी माझा रोजचा संबंध सर्वांत जास्त कुठे आला असेल, तर तो ताटात आला.

मला बेंगळुरूत येऊन चार वर्षं झाली. या काळात ‘तुम्ही काय खाता?’ असं मला थेट विचारणारे दोन जण भेटले. एक घरमालकीण, दुसरी आहारतज्ज्ञ. दोघींना मी खोटं सांगितलं. त्या दोन खोट्या उत्तरांबद्दल मला आज बोलायचं आहे.

पहिलं खोटं. हॉस्टेलला जागा नव्हती म्हणून खोली शोधत होते. महाराष्ट्रात असताना आधी आडनाव विचारलं जायचं. इथे आमचं आडनाव कुणाला उलगडत नाही. कुणाला ते मारवाडी वाटतं, कुणाला आंध्रातलं. त्यामुळे आडनावाचं काम इथे जेवण करतं. प्रत्येक घरमालक भाडं सांगायच्या आधी विचारतो, ‘प्युअर व्हेज ना?’ चार ठिकाणी खरं बोलले आणि चारही ठिकाणी खोली ‘कालच गेली’ होती. पाचव्या ठिकाणी मी मान डोलावली. खोली मिळाली. पण त्या मान डोलावण्यातून एक नियम सुरू झाला. खोलीत अंडंसुद्धा उकडायचं नाही. एकदा उकडलं, तर टरफलं कागदात गुंडाळून, बॅगेत घालून विद्यापीठाच्या कचरापेटीत टाकली. सत्ताविसाव्या वर्षी, समाजशास्त्रात पीएचडी करणारी बाई, अंड्याची टरफलं चोरीच्या मालासारखी वाहून नेत होती.

दुसरं खोटं त्यानंतर साधारण वर्षभराने. सतत तहान, रात्री चार-चार वेळा उठणं, वजन उतरणं हे सगळं मी अभ्यासाच्या ताणावर ढकललं होतं. मग तपासणी केली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी १०.४ आली. निरोगी माणसाची ती ५.७ च्या खाली असते. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. दार उघडं, बाहेर बाकावर ओळीने बसलेली माणसं, आणि आतून प्रश्न: ‘व्हेज ऑर नॉनव्हेज?’ मी म्हणाले, ‘व्हेज.’ का म्हणाले? या बाईंकडून मला खोली नको होती. त्या मला हाकलणार नव्हत्या. तरीही म्हणाले. वर्षभरात जीभ तशी वळलीच होती. शिवाय त्यांनी ‘म्हणजे काय काय खाता?’ असं विचारलं असतं, तर पुढची यादी मला त्या उघड्या दारात मोठ्याने म्हणवली नसती.

मला एक छापील तक्ता मिळाला. सकाळी भिजवलेले बदाम आणि अक्रोड, दहा वाजता ताक, दुपारी मल्टिग्रेन फुलके आणि पनीर, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री टोफू किंवा क्विनोआ. माझी फेलोशिप सहा-सहा महिने यायची नाही. तो तक्ता मी भिंतीला चिकटवला आणि त्याच्याकडे बघत मेसचा भात खात राहिले.

खोट्याची किंमत कागदावर कशी उतरते ते सांगते. मधुमेहाची सर्वांत साधी आणि स्वस्त गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. ती चांगली गोळी आहे, पण दीर्घकाळ घेतली तर काही जणांचं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे बी-१२ मुळात मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं, भाजीपाल्यातून मिळत नाही. मी गोळी घेत होते, मांस-अंडी सुटली होती आणि दूध परवडेल तेवढंच. दोन वर्षांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. रात्री वाटायचं, कुणी सुया टोचतंय. शुगरने नसा गेल्या, आता पाय जाणार, या भीतीने मी महिनाभर गप्प बसले. शेवटी तपासलं तर बी-१२ फार खाली गेलेलं. डॉक्टर सहज म्हणाले, ‘तुम्हा व्हेजिटेरियन लोकांत हे असतंच.’ ‘तुम्हा व्हेजिटेरियन लोकांत’! घरमालकिणीला सांगितलेलं खोटं माझ्या रक्तात उतरून रिपोर्टवर छापून आलं होतं.

आता मी खोटं का बोलले, याच्या मुळाशी जाऊ. इथे मला बाबासाहेबांकडे वळावं लागतं आणि ते केवळ रिवाज म्हणून नाही.

१९४८ हे साल घ्या. त्या वर्षी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेचं मूळ शोधताना बाबासाहेबांनी त्यात गोमांसाचा प्रश्न मध्यभागी ठेवला. कोण काय खातो यावरून माणसांचा एक समूह गावाबाहेर कसा ठेवला गेला, हे त्यांनी मांडलं. आणि त्याच वर्षी बाबासाहेबांचं स्वतःचं ताट डॉक्टरांच्या ताब्यात गेलं होतं. मधुमेह होता, पायांच्या नसांचं दुखणं होतं. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार चालू होते. त्यांच्याकडे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी दिल्लीत लग्न केलं, त्यामागे आपल्या तब्येतीकडे बघणारं माणूस हवं हेही एक कारण होतं. म्हणजे ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडणारा आणि त्यावर वर्षभर किल्ला लढवणारा माणूस मधुमेही होता. १० ऑगस्ट १९५१ ला त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं. आपल्या तब्येतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते, म्हणून हिंदू कोड बिल लवकर घ्यावं, असं त्यात आहे. शरीर साथ सोडतंय आणि काम बाकी आहे, हे त्यांनी लपवलं नाही. कामाच्या पत्रात लिहिलं.

आपण मात्र ते लपवलं. कोट घातलेला, बोट उंचावलेला बाबासाहेब आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. पथ्य पाळणारा, पाय दुखतात म्हणून रात्र जागणारा बाबासाहेब आपल्या एकाही भाषणात नसतो. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी त्यांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात या आजाराच्या काळात आपल्याला सांभाळणाऱ्या पत्नीचा आणि डॉ. मालवणकरांचा कृतज्ञतेने उल्लेख आहे. १९५७ मध्ये ग्रंथ छापला गेला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

६ डिसेंबर १९५६ नंतर काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. माईसाहेबांवर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी तो संशय त्यांच्या वाट्याला आयुष्यभर राहिला. त्या वादाच्या तपशिलात मी शिरत नाही. त्यांनी ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या पुस्तकात आपली बाजू लिहिली आहे, ती वाचावी. मला एकच नोंदवायचं आहे. मधुमेह, रक्तदाब आणि वर्षानुवर्षांचं अपार काम यांनी पासष्टाव्या वर्षी माणूस जाऊ शकतो, हे आपल्या समाजाला तेव्हा खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. वस्तीत कुणी पन्नाशीत गेलं तर ‘झोपेत गेला’, ‘कुणीतरी काहीतरी केलं’, ‘दारूने गेला’ असं म्हणतात. ‘शुगरने गेला’ असं क्वचितच कुणी म्हणतं, कारण शुगर हा शेठजीचा आजार, बसून खाणाऱ्याचा आजार, अशी आपली समजूत आहे.

ही समजूत किती चुकीची आहे ते आता बघू.

माझी आजी औसा तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. त्या वेळी अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, वाटली जायची. आजी सांगते, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ली तर पोटात दगडासारखी बसायची. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरच्या लेकरांना आणायची. त्याच दिवसांत ती गरोदर होती. १९७३ मध्ये माझी आई जन्मली. ‘एवढीशी होती, उंदराच्या पिल्लावाणी,’ असं आजी आजही हाताने माप दाखवून सांगते. आईला पस्तिसाव्या वर्षी मधुमेह झाला. मला पंचविसाव्या वर्षी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास करत आले आहेत. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी त्यांची तुलना केली, तेव्हा असं दिसलं की आपली बाळं सगळ्या मापांनी लहान, त्यांचे स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचा साठा. पोटात असताना उपासमार झाली तर शरीर मिळेल ते साठवून ठेवायला शिकतं, आणि पुढे पोटभर मिळायला लागलं की तेच शिकणं उलटतं, असा या संशोधनाचा रोख आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

याहून थेट गोष्ट अलीकडची आहे. कुपोषणातून होणारा मधुमेह डॉक्टरांना १९५५ पासून, जमैकातल्या रुग्णांपासून, माहीत होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वेगळ्या प्रकाराचा दर्जा दिला आणि १९९९ मध्ये काढून घेतला. गरिबांच्या आजाराचं नावच यादीतून गेलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या आणि इतर डॉक्टरांनी पुन्हा पुरावे मांडले. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाईप-५’ म्हणून मान्यता दिली. बारीक, तरुण, लहानपणापासून अर्धपोटी राहिलेल्या माणसांचा हा मधुमेह आहे. बसून खाणाऱ्यांचा नव्हे.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, तेव्हा सावधपणे बोलते. माझ्या आजीच्या उपासमारीमुळेच मला मधुमेह झाला, असं मी सिद्ध करू शकत नाही. एका घराच्या कथेवरून सिद्धान्त होत नाही. सवर्ण घरांतही मधुमेह भरपूर आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढे सगळे आपलेच नाहीत. पण ‘तुम्ही लोक कंट्रोल करत नाही, तोंडावर ताबा नाही,’ असं मला कुणी म्हणतं, तेव्हा मला आजीचा पदर आठवतो. त्या पदरात बांधलेली सुकडी कुणाच्या हावरेपणाची खूण होती?

आता आजच्या ताटाकडे या. आमच्या घरी आजीच्या काळात ज्वारी, तुरीचं वरण, पातळ कालवण, रानभाज्या आणि सणासुदीला किंवा मिळेल तेव्हा मांस असायचं. मांस जास्त झालं तर त्याच्या चान्या करून, वाळवून ठेवायच्या आणि पावसाळ्यात डाळीत शिजवायच्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाची नोंद केली आहे. पुणे विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तक काढलं होतं. ही कामं झाली नसती तर आमच्या पदार्थांची नावंही छापून आली नसती.

ते ताट कसं बदललं? रेशनवर गहू आणि तांदूळ आले. मी रेशनच्या विरोधात बोलत नाही. रेशन नसतं तर आम्ही उभे राहिलो नसतो. पण स्वस्तात पोट भरायचं म्हणजे पोळी आणि भात, हे त्यातून ठरलं. ज्वारी महाग झाली आणि मागे पडली. मग २०२३ च्या अर्थसंकल्पात तिला ‘श्रीअन्न’ म्हणण्यात आलं. ज्या भाकरीचा डबा शाळेत उघडायला मला लाज वाटायची, तिला आता नावाआधी ‘श्री’ आहे आणि मॉलमध्ये तिच्या बिस्किटांचा पुडा आहे. दुसरीकडे मांसाचं काय झालं? २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. कर्नाटकातला २०२१ पासूनचा कायदा तर तेरा वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांचीच मुभा ठेवतो. अंड्याची गत तीच. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कर्नाटकात काही जिल्ह्यांतल्या शाळांत अंडी द्यायला सुरुवात झाली, तेव्हा काही मठाधीशांनी विरोध केला. गंगावतीच्या एका शाळकरी मुलीने कॅमेऱ्यासमोर बजावलं की अंडी बंद केलीत तर आम्ही मठात येऊन खाऊ. महाराष्ट्रात शाळेत अंडी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला.

एक गैरसमज नको. बीफ खाल्लं की शुगर बरी होते, असं मी म्हणत नाही. लाल मांस जास्त खाण्याचा मधुमेहाशी संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, आणि मूत्रपिंडाला त्रास असेल तर कुठलंही प्रथिन मोजूनच घ्यावं लागतं. मुद्दा साधा आहे. मधुमेहात पोळी-भात कमी करा आणि प्रथिनं वाढवा, असं प्रत्येक डॉक्टर सांगतो. गरिबाच्या आवाक्यातली चांगली प्रथिनं कोणती? अंडं, सुकट, स्वस्त मांस, डाळ. त्यातल्या डाळीखेरीज प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी नाक मुरडतं, किंवा कायदा करतं, किंवा खोली नाकारतं. मग उरतो भात.

आता मी सगळ्यात अवघड भागाकडे येते. इतका वेळ मी व्यवस्थेबद्दल बोलले, कारण ते सोपं आहे.

निदान झाल्यावर पहिले सहा महिने मी जवळजवळ जेवणच सोडलं. मला वाटायचं, खाल्लं नाही तर शुगर वाढणार नाही. दिवसभर चहावर काढायचे, तोही बिनसाखरेचा. आणि रात्री अकराला कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीत जायचे. दिलपसंद, हनी केक, खारा बन. बेकरीवाल्याला सांगायचे, ‘रूममेट्ससाठी.’ मला रूममेट नव्हती. खोलीत दिवा न लावता खायचे. पिशवी पुन्हा विद्यापीठाच्या कचरापेटीत, टरफलांसारखीच. सकाळी बोट टोचायचं धाडस व्हायचं नाही. पट्टी महाग आहे, हे मी स्वतःला दिलेलं कारण होतं. खरं कारण म्हणजे तो आकडा मला बघायचा नव्हता.

एकदा दिवसभर काही न खाता गोळी घेतली आणि मेट्रोत मॅजेस्टिकच्या गर्दीत डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी बसवलं, कुणीतरी फ्रूटी दिली. ती दोन घोटांत संपवून मी रडले. लोकांना वाटलं, घाबरले. मी रडले कारण सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी ‘गोड पी’ म्हणालं होतं.

गावी गेल्यावर वेगळाच पेच. आजी ताट वाढते आणि समोर बसून राहते. ‘खा की लेकरा, वाळलीस किती.’ तिच्या पिढीने येसकराच्या पाळीची, घरोघरची मागून आणलेली, आंबलेली भाकर खाल्ली आहे. ‘टाकू नये’ हा तिच्यासाठी संस्कार नाही, अनुभव आहे. आणि मला तर अर्ध्या भाकरीवर थांबायचं असतं. ताटात अन्न ठेवून उठणं म्हणजे तिच्या सगळ्या आयुष्यावरून पाणी फिरवून उठणं वाटतं. म्हणून मी पूर्ण खायचे आणि मग दोन दिवस उपाशी राहायचे. आजीला वाईट वाटू नये म्हणून वाढवलेली शुगर आणि डॉक्टरला वाईट दिसू नये म्हणून केलेला उपास, यांत माझी दोन वर्षं गेली.

माणगाव आणि महाडच्या १९२० च्या दशकापासून आपली चळवळ अन्नाबद्दल बोलत आली आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडायला सांगितलं. ते लादलेलं होतं, म्हणून ते नाकारणं म्हणजे स्वाभिमान. पण आपल्यापैकी अनेक घरांनी त्यातून ‘आपलं खाणंच वाईट’ असा अर्थ काढला. शिकलेल्या घरांत पाहुण्यांसमोर काय शिजवायचं आणि दार लावून काय शिजवायचं, याच्या दोन याद्या झाल्या. माझी लपवायची सवय फक्त घरमालकिणीने लावली नाही. ती मी थोडी घरूनही आणली होती. आणि शुगर लपवणंही तसंच. मुलीचं लग्न व्हायचं आहे, कुठे बोलू नको, असं माझ्या आईने मला सांगितलं. तिने स्वतः दहा वर्षं तेच केलं, आणि आता तिचा एक डोळा अधू झाला आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझं काही शौर्य नाही.

आमच्या गल्लीत सकाळी झाडणारी एक पौरकार्मिक अक्का आहे. ती रोज विचारायची, ‘तिंडी आयता?’ म्हणजे नाश्ता झाला का. बेंगळुरूत राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे. मी ‘आयतु’ म्हणून पुढे जायचे. म्हणजे तिलाही खोटंच. एक दिवस कंटाळून ‘नाही’ म्हणाले. तिने हातातला डबा उघडला. रागीमुद्दे आणि सुकटीचं सारू. ‘ये’ म्हणाली. आम्ही कट्ट्यावर बसून खाल्लं. बोलता बोलता कळलं, तिलाही शुगर आहे. पहाटे निघते, गोळी उपाशीपोटी घेते, दहापर्यंत खायला वेळ मिळत नाही, दोनदा रस्त्यावर पडली आहे. ‘तू मुकादमाला सांगितलंस का?’ मी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, ‘तू ओनरला सांगितलंस का?’

त्या महिन्यात मी आहारतज्ज्ञांकडे परत गेले. आधी दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, ‘मॅडम, मी व्हेज नाही. मागच्या वेळी खोटं बोलले.’ आणि सगळी यादी सांगितली: भाकरी, अंडी, सुकट, मटण, म्हशीचं मांस, चान्या. चान्या त्यांना माहीत नव्हत्या. मी समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘एका वेळी साधारण किती ग्रॅम? मीठ किती असतं?’ त्यांच्या तोंडावर किळस दिसते का, ते मी बघत होते. त्या फक्त लिहून घेत होत्या. नवीन तक्त्यात बदाम नव्हते. रोज दोन अंडी होती, भाकरी एक, भात अर्धी वाटी, सुकट चालेल पण मीठ धुऊन. आणि रात्री बेकरीत जाते हेही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की दिवसभर उपाशी राहिलात तर रात्री असं होणारच, तुमच्या इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, आधी दुपारचं जेवा. खोलीही बदलली. ही महाग आहे, पण इथे अंडं उकडता येतं. एचबीएवनसी आता ७.३ आहे. बेकरी पूर्ण सुटलेली नाही, हेही सांगून ठेवते.

सगळे आहारतज्ज्ञ असे भेटतील असं नाही. नाक मुरडणारेही भेटतील. पण खरं सांगितलं नाही तर चांगला डॉक्टरही आपल्याला वाचवू शकत नाही, एवढं मला कळलं.

शेवटी तीन-चार गोष्टी. एक, घरात कुणाला शुगर असेल तर तिशीच्या आत स्वतःची तपासणी करा. दोन, जडीबुटीवाल्याच्या सांगण्यावरून गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. तीन, जयंतीला आणि ६ डिसेंबरला आपण पुस्तकांचे स्टॉल लावतो, रक्तदान शिबिरं घेतो. त्याच मांडवात बोट टोचून साखर बघायचं एक टेबल टाकू, आणि भाकरी-सुकट-अंड्यांत लिहिलेला आहाराचा साधा मराठी तक्ता ठेवू. तो करायला मी तयार आहे, आहारशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या कुणीतरी सोबत यावं. चार, शाळेतलं अंडं आणि पौरकार्मिकांची सकाळच्या जेवणाची सुट्टी हे आपल्या मागण्यांच्या यादीत ‘इतर’ या सदराखाली नकोत.

आजीचं राहिलं. मागच्या दिवाळीत मी तिला सांगितलं की मला अर्धीच भाकरी वाढ, उरलेली ताटात राहिली तर माझ्या जिवाला लागतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भाकरीचे दोन तुकडे केले, एक माझ्या ताटात घातला आणि दुसरा स्वतः खात बसली. आता रोज तसंच करते.

चहा आला आहे असं दिसतंय. एक कप बिनसाखरेचा असेल तर इकडे द्या.

जय भीम.